वाहत्या यादीत प्रश्न कसा विचारावा?

७.० उद्दिष्टे

या घटकाचा अभ्यास केल्यानंतर आपल्याला :

• एका आज्ञेचे फलित दुसऱ्या आज्ञेला देणारी 'पाइप' ही रचना स्पष्ट करता येईल;
• पाइपमधून मजकूर येत असताना वापरकर्त्याला विचारलेला प्रश्न का फसतो, हे उदाहरणासह सांगता येईल;
• प्रश्नाचे उत्तर थेट टर्मिनलवरून घेण्याची रीत समजून घेता येईल;
• संगणकासमोर माणूस नसताना शंकास्पद नोंदींचे काय करावे, याचा निर्णय घेता येईल.

७.१ प्रास्ताविक

मराठी भाषेच्या अभ्यासात याद्यांना मोठे स्थान आहे. शब्दकोशासाठी शब्दांची यादी लागते, बोलीच्या सर्वेक्षणासाठी रूपांची आणि स्थलनामांच्या अभ्यासासाठी गावांच्या नावांची. पूर्वी हे काम कागदाच्या चिठ्ठ्यांवर होत असे. आता ते संगणकावर होते आणि हजारो नावे काही क्षणांत वर्णानुक्रमे लावता येतात. मात्र वेगाबरोबर एक धोकाही येतो. माणूस चिठ्ठी हाताळताना अडखळला की थांबतो आणि शेजाऱ्याला विचारतो. संगणकाला थांबायचे कुठे आणि विचारायचे कोणाला, हे आपल्याला आधीच सांगून ठेवावे लागते. सांगण्यात चूक झाली, तर तो न विचारताच पुढे जातो. त्याहून वाईट म्हणजे, विचारल्यासारखे करतो आणि भलतेच उत्तर ग्राह्य धरतो.

या घटकात आपण हाच प्रश्न पुणे जिल्ह्यातील मुळशी तालुक्याच्या गावनामांच्या आधारे समजून घेणार आहोत. पूर्वी कधी स्क्रिप्ट लिहिली नसेल, तरी काळजी नसावी. युक्तिवाद नीट कळला की प्रत्यक्ष आज्ञा लिहिणे फारसे अवघड नाही. आज्ञांची नावे येथे देवनागरीत, उच्चाराप्रमाणे दिली आहेत. संगणकावर ती रोमन लिपीतील लहान अक्षरांत लिहावयाची असतात, हे ध्यानात ठेवावे.

७.२ विषय-विवेचन

७.२.१ 'माले' की 'माळे'?

पुण्याहून पिरंगुट, पौड या मार्गाने ताम्हिणी घाटाकडे जाताना मुळशी धरणाच्या परिसरात माले हे गाव लागते. मराठीत हे नाव लिहिताना अडचण काहीच नाही. परंतु संगणकीय याद्यांत गावांची नावे अनेकदा रोमन लिपीत असतात. तेथे हे नाव एम, ए, एल, ई या चार अक्षरांत लिहिले जाते. आता ज्याला हे गाव ठाऊक नाही, त्याने ही चार अक्षरे कशी वाचावीत? 'माले' असे वाचता येईल, 'माळे' असे वाचता येईल आणि 'मळे' असेही. इंग्रजीत हीच चार अक्षरे 'पुरुष' या अर्थाचा शब्द होतात. मालदीवच्या राजधानीचे नावही याच अक्षरांत लिहितात.

या गोंधळाचे मुख्य कारण 'ळ' हा वर्ण आहे. मराठीत 'ल' आणि 'ळ' हे स्वतंत्र, अर्थभेदक वर्ण आहेत. 'काल' आणि 'काळ', 'वेल' आणि 'वेळ', 'दल' आणि 'दळ' या जोड्या पाहिल्या म्हणजे हे लगेच पटते. रोमन लिप्यंतराच्या शास्त्रीय पद्धतीत अक्षराखाली टिंब देऊन 'ळ' वेगळा दाखवतात. रोजच्या याद्यांत मात्र ते टिंब नसते आणि दोन्ही वर्णांसाठी एकच अक्षर उरते. खुद्द मुळशी तालुक्यातच याची कितीतरी उदाहरणे सापडतात. लवळे, कोळवण आणि मुळशी या नावांत 'ळ' आहे, तर माले आणि चाले या नावांत 'ल' आहे. रोमन अक्षरांवरून हा भेद कळण्याचा कोणताही नियम नाही. तो केवळ ऐकून, विचारून किंवा मूळ मराठी कागद पाहून कळतो.

संगणकालाही हा भेद आपोआप जाणवत नाही. युनिकोड या संकेतप्रणालीत 'ल' या वर्णाचा क्रमांक षोडशमान पद्धतीने ०९३२ आहे आणि 'ळ' या वर्णाचा ०९३३. दोघे अगदी शेजारी आहेत. 'माले' या शब्दात म, काना, ल आणि मात्रा अशी चार चिन्हे येतात. यूटीएफ-८ या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते, म्हणून 'माले' बारा बाइटांचा होतो आणि 'माळे'ही बारा बाइटांचाच. यंत्राच्या दृष्टीने दोन्ही सारखेच निर्दोष आहेत. चूक झाली तरी कोणताही इशारा येणार नाही. म्हणूनच या ठिकाणी यंत्राने थांबून माणसाला विचारणे आवश्यक ठरते.

७.२.२ पाइप : एकाचे फलित, दुसऱ्याचे आदान

युनिक्स आणि तिच्या परंपरेतील लिनक्ससारख्या प्रणालींत लहान लहान आज्ञा एकमेकींना जोडून मोठे काम करून घेतात. डग्लस मॅकिलरॉय यांनी बेल प्रयोगशाळेतील १९६४च्या एका टिपणात, बागेत पाणी घालण्याच्या नळीचे तुकडे जोडावेत तसे प्रोग्रॅम एकमेकांना जोडता आले पाहिजेत, अशी कल्पना मांडली होती. १९७३ मध्ये केन थॉम्प्सन यांनी ती युनिक्समध्ये प्रत्यक्षात आणली. याच थॉम्प्सन यांनी पुढे १९९२ मध्ये रॉब पाइक यांच्याबरोबर यूटीएफ-८ ही पद्धत सिद्ध केली. आज आपण संगणकावर मराठी लिहितो ती प्रामुख्याने याच पद्धतीने साठवली जाते.

दोन आज्ञांच्या मध्ये उभी रेघ (|) लिहिली की पाइप तयार होतो. उदाहरणार्थ, 'कॅट' या आज्ञेने फाइल वाचावी आणि तिचे फलित 'सॉर्ट' या आज्ञेला द्यावे, की नावे क्रमाने लागतात. ते फलित पुढे 'युनिक' या आज्ञेला दिले, की पुनरावृत्त नावे गळतात. प्रत्येक आज्ञेला साधारणपणे तीन वाटा मिळतात. त्यांना क्रमांकही दिलेले असतात :

० – प्रमाणित आदान : येथून मजकूर आत येतो.
१ – प्रमाणित प्रदान : येथून फलित बाहेर जाते.
२ – प्रमाणित त्रुटी : येथून सूचना आणि तक्रारी बाहेर पडतात.

आज्ञा एकटीच चालवली, तर शून्य क्रमांकाची वाट कळफलकाला जोडलेली असते आणि उरलेल्या दोन पडद्याला. पाइप वापरला, की ही जोडणी बदलते. उभ्या रेघेच्या उजवीकडील आज्ञेची शून्य क्रमांकाची वाट कळफलकापासून सुटते आणि डावीकडील आज्ञेच्या फलिताला जोडली जाते. या घटकाचे सारे मर्म या एका वाक्यात आहे. ते पुन्हा एकदा वाचावे आणि मगच पुढे जावे.

७.२.३ प्रश्न कुठे हरवतो?

मुद्रितशोधनाचा घटक आपण अभ्यासला असेल, तर तेथील एक पद्धत आठवावी. एक जण मूळ हस्तलिखित मोठ्याने वाचतो आणि दुसरा मुद्रितावर नजर ठेवून खुणा करतो. समजा, वाचणारा यादीतील नावे एकसुरात वाचत सुटला आहे आणि त्याला थांबणे ठाऊक नाही. खुणा करणाऱ्याने मध्येच विचारले, "येथे ल की ळ?" वाचणाऱ्याने प्रश्न ऐकलाच नाही आणि पुढचे नाव उच्चारले, "पौड." आता खुणा करणारा त्या 'पौड'लाच आपल्या प्रश्नाचे उत्तर समजला, तर काय होईल? उत्तर तर चुकेलच, शिवाय पौड हे नाव यादीत लिहायचेही राहून जाईल. स्क्रिप्टमध्ये नेमके हेच घडते.

आपण एक कृतिक्रम घेऊ. न-ण, त-ट, अ-आ यांच्या बाबतीतही रोमन अक्षरे अशीच अपुरी पडतात, परंतु सोपेपणासाठी येथे केवळ 'ल' आणि 'ळ' यांचाच विचार करू.

१. यादीतील एक ओळ वाचावी.
२. नावाच्या आरंभीचे अक्षर सोडून अन्यत्र 'एल' हे अक्षर आहे का, ते पाहावे. (मराठी शब्दाच्या आरंभी 'ळ' येत नसल्याने आरंभीच्या अक्षराविषयी विचारण्याचे कारण नाही.)
३. नसल्यास नावाचे देवनागरी रूप लिहावे.
४. असल्यास 'ल की ळ?' असे विचारून उत्तर वाचावे. उत्तर 'ळ' असल्यास 'ळ' लिहावा, अन्यथा 'ल' लिहावा.
५. यादी संपेपर्यंत हेच करावे.

कागदावर हा कृतिक्रम निर्दोष वाटतो. आता त्याला पाइपमधून पाच नावे देऊ : पिरंगुट, लवळे, पौड, माले, ताम्हिणी. अर्थात, ही नावे रोमन लिपीत येत आहेत. एकेक पायरी हाताने करून पाहू.

पहिली ओळ, पिरंगुट. शंका नाही. नाव लिहिले गेले.

दुसरी ओळ, लवळे. शंका आली, प्रश्न विचारला गेला. उत्तर वाचण्यासाठी स्क्रिप्ट शून्य क्रमांकाच्या वाटेकडे वळते. परंतु ती वाट आता कळफलकाकडे जात नाही; तिच्यातून यादी येत आहे. म्हणून 'उत्तर' म्हणून पुढची ओळ हाती लागते, पौड. हे उत्तर 'ळ' नाही, म्हणून 'लवले' असे लिहिले जाते.

पुढची ओळ, माले. पुन्हा शंका, पुन्हा प्रश्न. उत्तरादाखल ताम्हिणी हे नाव गिळले जाते. तेही 'ळ' नाही, म्हणून 'माले' असे लिहिले जाते. यादी संपते.

पाच नावे आत गेली आणि तीन बाहेर आली : पिरंगुट, लवले, माले. लवळे चुकले. माले बरोबर आले, पण ते योगायोगाने. पौड आणि ताम्हिणी ही नावे यादीतून नाहीशी झाली. पौड हे तर तालुक्याचे मुख्य ठिकाण आहे. विशेष म्हणजे पडद्यावर त्रुटीचा एकही संदेश उमटला नाही. बॅश या प्रणालीतील 'रीड' या आज्ञेला प्रश्नाचा मजकूर देण्याची सोय आहे, पण आदान टर्मिनलवरून येत असेल तरच ती प्रश्न दाखवते. पाइपमधून आदान येत असल्यास प्रश्न दिसतही नाही आणि उत्तर मात्र घेतले जाते. वापरकर्त्याला वाटते, काम निर्विघ्न पार पडले.

यावर सुचणारा एक उपाय आणखी घातक आहे. 'ल' किंवा 'ळ' याखेरीज काहीही उत्तर आले तर पुन्हा विचारावे, अशी अट आपण घालतो. हेतू चांगला आहे. पण उत्तराची वाट चुकीचीच राहिल्याने लवळेच्या शंकेपाशी पौड, माले आणि ताम्हिणी ही तिन्ही नावे एकामागून एक 'अमान्य उत्तर' म्हणून फेकून दिली जातात. मग यादी संपते, रिकामे उत्तर येत राहते आणि स्क्रिप्ट तोच प्रश्न अखंड विचारत बसते. बाहेर आलेले नाव एकच असते, पिरंगुट.

सगळी यादी आधी वाचून घ्यावी आणि प्रश्न शेवटी विचारावेत, असेही कोणी म्हणेल. त्यानेही भागत नाही. यादी संपली म्हणजे शून्य क्रमांकाची वाटच संपलेली असते. त्या वाटेवर पुन्हा कळफलक येऊन उभा राहत नाही. पायथन या भाषेत अशा वेळी 'इनपुट' हे फलन मजकूर संपल्याची त्रुटी देऊन थांबते. मूकपणे चुकण्यापेक्षा हे बरे, परंतु उत्तर तरीही मिळत नाही.

७.२.४ टर्मिनलचे वेगळे दार

अडचण नेमकी कळली, की उपायही दिसतो. यादी एका वाटेने येऊ द्यावी आणि उत्तर दुसऱ्या वाटेने घ्यावे. युनिक्स परंपरेतील प्रणालींत यासाठी एक खास नाव राखून ठेवलेले आहे : /डेव्ह/टीटीवाय. यातील पहिला शब्द डी, ई, व्ही या अक्षरांचा आहे आणि दुसरा टी, टी, वाय या अक्षरांचा. टीटीवाय हे 'टेलिटाइप' या जुन्या यंत्राच्या नावाचे लघुरूप आहे. पडदे येण्यापूर्वी याच टंकयंत्रांवरून संगणकाशी संवाद साधला जात असे. यंत्र गेले, नाव मात्र राहिले.

हे नाव फाइलसारखे उघडता येते, पण त्यामागे फाइल नसते. आज्ञा ज्या टर्मिनलवरून दिली गेली, ते टर्मिनल त्यामागे असते. शून्य क्रमांकाची वाट कुठेही वळवलेली असो, या दारातून आत गेले की समोर आज्ञा देणारा माणूसच भेटतो. त्यामुळे आपल्या कृतिक्रमातील चौथी पायरी तेवढी बदलावी लागते. 'उत्तर वाचावे' याऐवजी 'उत्तर टर्मिनलवरून वाचावे' असे म्हणावयाचे. बॅशमध्ये 'रीड' या आज्ञेच्या शेवटी कोनी खूण (<) आणि त्यापुढे हे नाव लिहिले, की तेवढ्या एका वाचनापुरती वाट बदलते. त्याचा आराखडा असा :

रीड -पी "ल की ळ? " उत्तर < /डेव्ह/टीटीवाय

यातील 'उत्तर' हे चलाचे नाव आहे. बॅशमध्ये ते रोमन अक्षरांतच द्यावे लागते. अवतरणांतील प्रश्न मात्र खुशाल मराठीत लिहावा. आता वाचन टर्मिनलवरून होत असल्याने प्रश्नही पडद्यावर दिसतो. लवळेपाशी स्क्रिप्ट थांबते, आपण 'ळ' लिहून एंटर कळ दाबतो आणि पाइपमध्ये वाट पाहत असलेले पौड हे नाव पुढच्या फेरीत सुखरूप वाचले जाते. पाच नावे आत, पाच बाहेर.

ही रीत नवी नाही. 'लेस' या आज्ञेने आपण लांब मजकूर पानापानाने वाचतो. मजकूर तिला पाइपमधून मिळतो, पण पान उलटण्यासाठी दाबलेली कळ ती टर्मिनलवरून वाचते. दूरच्या संगणकाशी जोडणारी 'एसएसएच' ही आज्ञा पासवर्ड याच पद्धतीने विचारते. तसे नसते, तर पाइपमधील मजकुराची पहिली ओळ पासवर्ड म्हणून गेली असती. या एसएसएचची एक सवयही ठाऊक असावी. यादी ओळीओळीने वाचणाऱ्या फेऱ्यात ती वापरली, तर उरलेली सर्व यादी ती स्वतःच्या आदानात ओढून घेते आणि फेरा पहिल्याच ओळीनंतर संपतो. हे टाळण्यासाठी तिला '-एन' ही खूण द्यावी लागते. म्हणजे, प्रश्न न विचारणारी आज्ञाही दुसऱ्याचे आदान गिळू शकते.

यादी पाइपऐवजी फाइलमध्येच असेल, तर आणखी एक साधा पर्याय आहे. फाइल तीन क्रमांकाच्या वाटेवर उघडावी, ओळी तेथून वाचाव्यात आणि शून्य क्रमांकाची वाट कळफलकासाठी मोकळी ठेवावी.

७.२.५ प्रश्न कोठे लिहावा?

उत्तराची वाट सुधारली, तरी प्रश्नाची वाट तपासायची राहते. आपल्या स्क्रिप्टचे फलित पुढे 'सॉर्ट'ला किंवा एखाद्या फाइलमध्ये जात असेल आणि आपण प्रश्नही प्रमाणित प्रदानावर लिहिला, तर 'ल की ळ?' हे वाक्य गावांच्या यादीत जाऊन बसेल. वर्णानुक्रमात ते लवळेच्या आसपास कुठेतरी एक गाव म्हणून सापडेल. शिवाय ज्याने उत्तर द्यायचे, त्याला प्रश्न पडद्यावर दिसणारच नाही. पायथनचे 'इनपुट' हे फलन अशा परिस्थितीत प्रश्न प्रमाणित प्रदानावरच लिहिते, हे लक्षात ठेवावे.

म्हणून नियम असा : फलित एक क्रमांकाच्या वाटेने, प्रश्न दोन क्रमांकाच्या वाटेने किंवा थेट टर्मिनलवर. बॅशची 'रीड' आज्ञा प्रश्न दोन क्रमांकाच्या वाटेनेच लिहिते. अभ्यासकाने आपल्या लेखनात मूळ संहिता आणि स्वतःच्या टिपा वेगळ्या ठेवाव्यात, या शिस्तीचेच हे संगणकीय रूप होय.

७.२.६ माणूस समोर नसेल तर?

काही कामे रात्री ठरावीक वेळी आपोआप चालतात. 'क्रॉन' ही व्यवस्था ती चालवते. अशा वेळी स्क्रिप्टच्या मागे टर्मिनल नसते आणि /डेव्ह/टीटीवाय हे दार उघडतच नाही. मग काय करावे?

येथे एक गैरसमज टाळला पाहिजे. शून्य क्रमांकाची वाट टर्मिनलला जोडलेली आहे का, हे 'टेस्ट' या आज्ञेला '-टी' ही खूण देऊन तपासता येते. परंतु पाइप वापरताना या तपासणीचे उत्तर नेहमी 'नाही' असेच येणार. त्यावरून समोर माणूस नाही, असा निष्कर्ष काढणे चुकीचे आहे. माणूस बसलेला असतो. केवळ यादी वेगळ्या वाटेने येत असते. माणूस आहे की नाही, हे पाहण्याचा भरवशाचा मार्ग म्हणजे टर्मिनलचे दार उघडून पाहणे. उघडले तर विचारावे.

उघडले नाही, तर अंदाज करू नये. हा केवळ तांत्रिक सल्ला नव्हे. उत्तर मिळाले नाही म्हणून 'ल' लिहून मोकळे होणारी स्क्रिप्ट मुळशीला 'मुलशी' करून ठेवते आणि त्या नोंदीवर शंका होती याची खूणही मागे ठेवत नाही. त्याऐवजी दोनच गोष्टी योग्य आहेत. एक तर स्पष्ट संदेश देऊन थांबावे. नाही तर ती नोंद जशी आली तशी, प्रश्नचिन्हासह बाजूला ठेवावी.

७.२.७ शंकायादी

ही दुसरी गोष्ट भाषेच्या अभ्यासकाला अधिक उपयोगी आहे. पहिल्या फेरीत स्क्रिप्टने कोणालाही न विचारता निःशंक नावे एका फाइलमध्ये आणि शंकास्पद नावे दुसऱ्या फाइलमध्ये लिहावीत. या दुसऱ्या फाइलला आपण शंकायादी म्हणू. तिच्यात रोमन नाव, तालुका, संभाव्य रूपे, निर्णय आणि आधार असे पाच रकाने असावेत. पहिले तीन रकाने स्क्रिप्ट भरेल, शेवटचे दोन माणूस. दुसऱ्या फेरीत स्क्रिप्ट ही भरलेली यादी वाचून नावे पूर्ण करील.

तालुक्याचा रकाना अनावश्यक समजू नये. एकाच रोमन रूपाची दोन गावे दोन तालुक्यांत असू शकतात. एकात 'ल' असेल, दुसऱ्यात 'ळ'. एकदा दिलेले उत्तर केवळ नावावरून सर्वत्र लावले, तर दुसऱ्या गावावर अन्याय होईल. आधाराचा रकाना तर सर्वांत महत्त्वाचा. निर्णय कशावरून घेतला? गावाच्या वेशीवरील फलकावरून, ग्रामपंचायतीच्या कागदावरून, शाळेच्या दाखल्यावरून, की गावकऱ्याच्या उच्चारावरून? टर्मिनलवर घाईत दाबलेली कळ मागे काहीच ठेवत नाही. लिहिलेला आधार पुढच्या अभ्यासकाला तपासता येतो.

या सगळ्याला इतके महत्त्व का द्यावे? आपल्यापैकी अनेकांनी सातबारा, शिधापत्रिका किंवा जातीचा दाखला यांतील एका अक्षराच्या फरकापायी कचेरीत खेटे घातले असतील. गावाचे नाव प्रत्येक गावकऱ्याच्या कागदांवर येते. ते एकदा चुकले, की चूक प्रत्येक घरात पोहोचते.

मुळशीच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे. टाटांच्या जलविद्युत प्रकल्पासाठी मुळा नदीवर धरण बांधण्याचे ठरले, तेव्हा १९२१ मध्ये मुळशीच्या शेतकऱ्यांनी सत्याग्रह सुरू केला. पांडुरंग महादेव बापट या लढ्यामुळेच 'सेनापती' म्हणून ओळखले जाऊ लागले. लढा काही वर्षे चालला, पण धरण झाले आणि मुळशी खोऱ्यातील अनेक गावे पाण्याखाली गेली. मुळशीचे पाणी आजही सह्याद्री ओलांडून रायगड जिल्ह्यातील भिरा येथील वीजकेंद्राकडे जाते. बुडालेल्या गावांची नावे आता आठवणींत आणि याद्यांत आहेत. नांदत्या गावाचे नाव यादीतून गळाले, तर कोणी ना कोणी तक्रार करील. बुडालेल्या गावाचे नाव एखाद्या प्रश्नाचे 'उत्तर' म्हणून गिळले गेले, तर तक्रार करायला ग्रामपंचायतही उरलेली नाही.

म्हणून शेवटी एक सोपी सवय सांगावीशी वाटते. 'डब्ल्यूसी' ही आज्ञा '-एल' या खुणेसह ओळी मोजते. काम सुरू करण्यापूर्वी आत जाणाऱ्या ओळी मोजाव्यात आणि काम संपल्यावर बाहेर आलेल्या मोजाव्यात. शंकायादी वेगळी केली असल्यास दोन्ही फाइलींची बेरीज करावी. आकडे जुळले म्हणजे सगळे बरोबर आहे असे नाही. पण जुळले नाहीत, तर कुठेतरी एक गाव हरवले आहे, हे निश्चित.

आपण माले परिसरातील असाल, तर शंकायादीतील काही उत्तरे आपल्याला कोणत्याही ग्रंथाशिवाय ठाऊक असतील. आपला परिसर वेगळा असेल, तर तेथील नावांची उत्तरे आपल्यापाशी असतील. स्क्रिप्टने थांबून विचारायचे ते याच ज्ञानासाठी.

७.३ सारांश

पाइप वापरल्यावर स्क्रिप्टचे प्रमाणित आदान कळफलकाऐवजी आधीच्या आज्ञेच्या फलिताला जोडले जाते. त्यामुळे प्रमाणित आदानावरून उत्तर वाचल्यास यादीतील पुढची ओळच उत्तर म्हणून घेतली जाते. उत्तर चुकते आणि ती ओळही हरवते. उत्तर थेट टर्मिनलवरून वाचणे हा यावरील मुख्य उपाय होय. प्रश्न प्रमाणित प्रदानावर लिहू नये, अन्यथा तो फलितात मिसळतो. टर्मिनल उपलब्ध नसल्यास अंदाज न करता थांबावे किंवा शंकायादी तयार करावी. कामाच्या आधी आणि नंतर ओळी मोजाव्यात.

७.४ पारिभाषिक शब्द

आदान : आज्ञेच्या आत येणारा मजकूर.
प्रदान : आज्ञेतून बाहेर पडणारे फलित.
पाइप : एका आज्ञेचे प्रदान दुसरीच्या आदानाला जोडणारी रचना.
स्क्रिप्ट : क्रमाने पार पाडावयाच्या आज्ञांची लेखी मालिका.
टर्मिनल : वापरकर्ता आणि संगणक यांच्यातील लेखी संवादाचे स्थान, कळफलक व पडदा मिळून.
चल : मूल्य तात्पुरते साठवण्यासाठी दिलेले नाव.

७.५ स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

१. परिच्छेद ७.२.३ मधील सदोष कृतिक्रमाला कोळवण, भूगाव, चाले, उरवडे, पौड ही यादी रोमन लिपीत, याच क्रमाने दिली, तर कोणती नावे बाहेर येतील?
२. त्याच कृतिक्रमात यादीची शेवटची ओळ मुळशी असेल आणि ती प्रश्नाचे उत्तर म्हणून गिळली गेली नसेल, तर तिचे काय होईल?
३. प्रमाणित आदान टर्मिनलला जोडलेले नाही, यावरून समोर वापरकर्ता नाही, असे म्हणता येईल का? कारण द्या.
४. आपल्या तालुक्यातील दहा गावनामे घेऊन पाच रकान्यांची शंकायादी तयार करा. आधाराचा रकाना रिकामा ठेवू नका.

७.६ प्रश्नांची उत्तरे

१. कोलवण, चाले, पौड. कोळवणच्या शंकेला भूगाव आणि चालेच्या शंकेला उरवडे ही नावे उत्तर म्हणून गिळली जातील. पौडमध्ये शंका नसल्याने ते नाव तसेच बाहेर येईल.
२. प्रश्न विचारला जाईल, पण वाचण्यासाठी ओळ उरलेली नसल्याने रिकामे उत्तर येईल. ते 'ळ' नसल्यामुळे 'मुलशी' असे चुकीचे रूप लिहिले जाईल.
३. नाही. पाइप वापरताना आदान आधीच्या आज्ञेला जोडलेले असते, तरीही वापरकर्ता टर्मिनलसमोर असू शकतो. टर्मिनलचे दार प्रत्यक्ष उघडून पाहणे हीच योग्य तपासणी होय.
४. हे उत्तर आपल्या परिसरावर अवलंबून आहे. भरलेली यादी अभ्यासकेंद्रातील सहाध्यायांना दाखवून त्यांच्या माहितीशी ताडून पाहावी.